अठ्ठावीस चंद्र

"रणदिवे, सव्वासहा!" नातूसरांनी घड्याळावरची नजर न काढता आवाज दिला आणि मी खटका दाबला.

पहिला चंद्र फिल्मवर आला. पौषातली पौर्णिमा होती. पूर्वेच्या डोंगरावर चंद्र वर आला तो कडेने कुरतडलेलाच. पंचांगात याला ग्रस्तोदित म्हणतात; चंद्र उगवतो तोच ग्रहण घेऊन. नातूसरांच्या बंगल्याच्या गच्चीवर पंधरा-वीस माणसं जमली होती आणि मधोमध आमची दुर्बीण उभी होती. तिचा आरसा सरांनी आणि मी आठ महिने काचेवर काच घासून तयार केलेला. लोक रांगेने डोळा लावत होते, "अय्या" म्हणत होते आणि सर पृथ्वीची सावली समजावून सांगत होते.

माझा जीव मात्र कोपऱ्यात तिवईवर बसवलेल्या माझ्या जुन्या कॅमेऱ्यात अडकला होता. दोन भिंगांचा, जुन्या बाजारातून आणलेला. त्याची एक खोड माझ्या पथ्यावर पडली होती. फिल्म पुढे सरकवायची कळ वेगळी आणि खटका वेगळा. फिल्म न सरकवता कितीही वेळा खटका दाबा, सगळं एकाच चौकटीत उमटतं. चंद्र आपला वर चढत जातो, कॅमेरा जागचा हलत नाही. दर पाच मिनिटांनी खटका दाबला की चौकटीत चंद्रांची तिरपी माळ ओवली जाते. सव्वासहा ते आठ पन्नास, बत्तीस चंद्र. एक चुकला तर माळेत फट राहणार, आणि ती फट मागाहून भरता येत नाही. चंद्र काही पुन्हा त्या जागी येऊन उभा राहत नाही.

"तिवईला कोणी हात लावायचा नाही," मी सगळ्यांना बजावलं होतं. एरवी त्या गच्चीवर कोणाला बजावायची माझी प्राज्ञा नव्हती. मी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला सहायक आणि सरांच्या बंगल्यामागच्या खोलीतला भाडेकरू. पण चांदण्यांचं वेड दोघांना सारखंच, त्यामुळे सरांनी मला जवळ केलं होतं. रविवारी काकू पोहे झाले की मलाही हाक मारायच्या.

ती खोली मिळाली कशी, ते सांगून टाकतो. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं होतं, "रणदिवे म्हणजे सीकेपी का हो तुम्ही?" मी हसलो. हसलो म्हणजे हो, असं त्यांनी धरलं आणि मी धरू दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आमचं आडनाव तेच, पण घर बारा कोसांवरच्या खेड्यात, गावाबाहेरच्या मातंगवस्तीत. आई केरसुण्या बांधायची. आणि ग्रहण सुटायला लागलं की वस्तीतल्या बायकांबरोबर पदर पसरून गावभर ओरडत फिरायची, "दे दान, सुटे गिराण!" लहानपणी मीही तिच्या लुगड्याला धरून हिंडलेलो. हे जिल्ह्याच्या गावी, सरांच्या नव्या पेठेत कळलं असतं तर खोली गेली असती, पोहे गेले असते, ती गच्ची गेली असती. तीन वर्षं मी ती मूठ झाकून होतो.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा आईनेच विषय काढला होता.

"गुणा, पुसात गिराण हाय म्हनं?"

"आहे. आणि तू मागायला जायचं नाहीस."

"मागनं न्हवं रं त्ये. चांद सोडवायचं काम हाय आमचं. आमी वरडलो न्हाय तर कसा सुटंल त्यो?"

"आपोआप सुटतो. सावली असते ती."

"असंल. पर वरडाय काय जातंय?"

"माझी अब्रू जाते," मी म्हणालो. "सरपंचाचा पोरगा मला चावडीसमोर म्हणाला, लेक कॉलेजात आणि आई दारात. गावात फिरायचं नाही. माझी शपथ आहे."

तिने केरसुणीसाठी शिंदीची पानं चाळायला घेतली. मग म्हणाली, "बरं. गावात न्हाय मागत."

माझ्या अंगावरचं ओझं उतरलं. आईच्या शब्दाला मी कधी शंका घेतली नव्हती आणि तिनेही तो कधी मोडला नव्हता.

सात वाजायच्या आत चंद्र पुरता सावलीत गेला. तांबडा झाला, चुलीतल्या निखाऱ्यावर राख चढावी तसा. गच्चीवरची बडबड आपोआप थांबली. आता खटका मारून भागणार नव्हतं. दर वेळी सहा-सात सेकंद दाबून धरायचा, श्वाससुद्धा रोखून. सर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"जमतंय?"

"जमतंय सर."

"रणदिवे, हा फोटो राज्यस्पर्धेला पाठवायचा. मी सांगतो, पहिलं बक्षीस आहे." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्यासारखी माणसं आमच्या कॉलेजात आहेत म्हणून बरं. नाहीतर बाकी सगळा उजेड."

तो हात मला अजून आठवतो. त्या तासाभरात मी सुखी होतो. आकाश लख्ख, थंडी बेताची, माळेत एकामागून एक चंद्र पडतायत आणि खांद्यावर असा हात. तेवढं निर्मळ सुख पुन्हा मिळालं नाही.

पावणेआठला चंद्राच्या कडेला पांढरी चिरी दिसली. ग्रहण सुटायला लागलं. थोड्या वेळाने लांब कुठेतरी, बोळाच्या पलीकडे आवाज उठला.

"दे दान... सुटे गिराण..."

 मग मी स्वतःची समजूत घातली. जिल्ह्याचं गाव आहे, चारी बाजूंनी बायका येतात, इथं आपलं कोण येणार? चोराच्या मनात चांदणं. आठ वाजता खटका दाबला. आठ पाचला दाबला. आवाज जवळ येत गेला. आठ दहाला दाबला तेव्हा बायका बंगल्याच्या फाटकाशी आल्या होत्या. चार-पाच आवाज होते आणि त्यांतला एक जरा घोगरा, शेवटी उंच ओढलेला. तो आवाज मी जन्मल्यापासून ऐकत होतो.

"आल्याच का या!" सर कठड्यावरून वाकले. खाली काकू सुपात जोंधळे आणि एक जुनं पातळ घेऊन बाहेर येत होत्या. "अगं, थांब! काही देऊ नकोस. रणदिवे, एक कल्पना आहे. माझा फ्लॅशचा कॅमेरा घ्या. या बायकांचा फोटो काढू. प्रदर्शनात तुमच्या फोटोच्या शेजारी लावायचा. आकाशातलं ग्रहण आणि जमिनीवरचं!"

"सर, माझी माळ चालू आहे. पाच मिनिटांत—"

"एखादा चंद्र चुकला तर आभाळ कोसळत नाही हो. असा फोटो परत मिळायचा नाही. चला."

"तुम्हीच काढा ना सर. मी इथं—"

"माझा हात हलतो, तुम्हाला ठाऊक आहे. चला चला, निघून जातील त्या."

नाही म्हणता आलं असतं. पाय मुरगळला म्हणता आलं असतं, काहीही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं तर का, असं ते विचारतील, या भीतीने मी कॅमेरा गळ्यात घातला आणि जिना उतरलो.

फाटकाच्या दिव्याखाली पाच बायका उभ्या होत्या. मधली आमच्या शेजारची शेवंताकाकी. तिच्या डाव्या हाताला आई. पायात चप्पल नव्हती, पदर दोन्ही हातांनी पसरलेला. चंद्राकडे बघून ओरडत होती म्हणून तिला मी आधी दिसलो नाही. शेवंताकाकीला दिसलो.

"आगं बया," ती म्हणाली, "ह्यो तर तुजा—"

आईने मान खाली केली. माझ्याकडे बघितलं. नुसतं एकदा, डोळ्याला डोळा. मग शेवंताकाकीच्या दंडाला धरून म्हणाली, "गप. सायबास्नी त्येंचं काम करू दे."

"काय म्हणाली ती?" सरांनी विचारलं.

"काय न्हाय सायेब," आईच बोलली. "ह्ये सायेब माज्या लेकावानी दिसत्यात म्हन्ली. म्हातारी झालीया, दिसत न्हाय तिला. कुटं माजं लेकरू आन् कुटं ह्ये."

सर हसले. मीही हसलो. हसणं मला फार सोपं जायचं.

"बाई," सर शिकवायच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या ओरडण्याने चंद्र सुटतो का? ती पृथ्वीची सावली आहे. नुसती सावली. सावलीला कसलं दान?"

"सावलीच व्हय?" आई म्हणाली. "मंग आमास्नी ठावं हाय सायेब. आमच्या बी सावलीला लोक आंग चोरायची. लई जोर असतोय सावलीत."

सरांना ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. त्यांनी मला खूण केली. "हां रणदिवे, घ्या. पदर पसरलेला आला पाहिजे. चेहरे नीट येऊ द्या."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत आई. तिच्या बोटांवर केरसुणीच्या शिंदीचे चरे होते, ते मला दिव्यात दिसत होते. मी बोललो, ते इथं लिहून ठेवतो, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही. मी म्हणालो, "बाई, जरा पुढे या. उजेडात."

ती पुढे आली. उजेडात उभी राहिली. मी बटण दाबायच्या क्षणाला तिने एका हाताने पदराची कड ओढून तोंडावर घेतली. फ्लॅश पडला.

"अरेरे, झाकलं नेमकं हिने!" सर म्हणाले. "अजून एक."

"ऱ्हाऊ द्या सायेब," आई म्हणाली. "दान द्या. गिराण सुटतंय."

पसरलेला पदर माझ्यासमोर होता. माझ्या खिशात सुटे पैसे होते. "देऊ नका काही," सर म्हणाले, "आपणच खतपाणी घालायचं का?" मी हात खिशातून रिकामा बाहेर काढला. शेवटी काकूच पुढे झाल्या. "तुमचं शास्त्र तुमच्यापाशी," असं पुटपुटत त्यांनी जोंधळे आणि ते जुनं पातळ आईच्या पदरात घातलं. आईने ते कपाळाला लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुखी ऱ्हावा. सगळी सुखी ऱ्हावा."

बायका पुढच्या दाराला गेल्या. मी गच्चीवर धावत आलो तेव्हा आठ चौतीस झाले होते. आठ पस्तीसला खटका दाबला. मग चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. चंद्र धुतल्यासारखा मोकळा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटची एसटी आठलाच गेलेली असते, म्हणजे त्या बायका थंडीत रात्रभर स्टँडवर बसणार, हे मला कळत होतं. स्टँड तिथून दहा मिनिटांवर होता. मी खोलीत गेलो, खिडकीला काळं कापड लावलं आणि फिल्म धुवायला घेतली.

बत्तीस चंद्र यायला हवे होते. अठ्ठावीस आले. चोविसाव्यानंतर चार चंद्रांची मोकळी जागा.

आठ दिवसांनी घरी गेलो. आई दारात केरसुण्या बांधत बसली होती. अंगावर नातूकाकूंचं ते पातळ. वर्षभर मी ते बंगल्याच्या मागच्या दोरीवर वाळताना बघत आलो होतो. तिने पाणी दिलं, भाकरी वाढली, गावातल्या चार गोष्टी सांगितल्या. ग्रहणाचं अक्षर काढलं नाही. 

"आई," मी म्हणालो, "तू शब्द दिला होतास."

असं म्हणायला मला तोंड कसं झालं, ते मला आजही कळत नाही. क्षमा मागायला गेलो होतो आणि जाब विचारला.

"दिल्ता की," ती म्हणाली. "गावात मागू नगं म्हन्लास. तुजी आब्रू जाती म्हन्लास. म्हून गाव सोडून शेरात गेले. म्हन्लं, तितं कोन वळकतंय." तिने दोरीची गाठ दातांनी आवळली. "तू तितल्या बंगल्यात आसशील, ह्ये मला काय ठावं रं? तू तर कालेजाच्या बोर्डिंगात ऱ्हातो म्हन्लावतास."

ते मीच सांगितलं होतं. तिने कधी खोलीवर येऊ नये म्हणून.

"चुकलंच माजं," आई म्हणाली. "तुला किती भ्या वाटलं आसंल. तोंड बघूनच माज्या ध्यानात आलं. पर म्या काय कळू दिलं न्हाय. दिलं का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग झालं. भाकर खा."

तिने माझी क्षमा मागितली आणि मी भाकरी खाल्ली. एवढंच झालं.

प्रदर्शन कॉलेजच्या सभागृहात भरलं. माझी चंद्रांची माळ मधोमध आणि शेजारी पदर पसरलेल्या पाच बायका. खाली मथळा : 'हे ग्रहण कधी सुटणार?' मथळा सरांनी सांगितला, लिहिला मी. माझं अक्षर चांगलं होतं. पाहुणे पहिल्या फोटोसमोर थांबून विचारत, "मध्ये ही फट कसली हो?" मी काही बोलायच्या आत सर माझ्याकडे बघत, आणि मी म्हणे, "ढग आले होते." सर मान हलवत. त्यांना वाटे, मी त्यांच्यावर ठपका येऊ देत नाही. केवढा सज्जन मुलगा! राज्यस्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी शेरा लिहिला होता, ढगांनी घात केला नसता तर पहिलं होतं.

पुढे मला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. लग्न झालं, घर झालं. आडनावावरून कोणी विचारलं की नुसतं हसणं मी कधीतरी सोडून दिलं. धीर आला म्हणून नव्हे, लपवून लपवून कंटाळा आला म्हणून. तोवर नातूसर गेले होते. त्यांना खरं सांगायचं राहूनच गेलं. बायकांचा तो फोटो मी कधीच फाडून टाकला होता, पण चंद्रांची माळ दिवाणखान्यात लावली. बक्षिसाचा फोटो होता. येणारा-जाणारा विचारी आणि मी सांगे, "ढग." इतक्यांदा सांगितलं की मलाही तिथं ढग दिसायला लागले होते.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला तिला घरी आणलं, तेव्हा ती सत्तरीची होती. पट्टी निघाली, नवा चष्मा आला. संध्याकाळी ती घरभर हिंडून एकेक वस्तू बघत होती. हातात धरून, जवळ नेऊन, पोरासारखी. फोटोपाशी आली आणि थांबली.

"ह्यो चांद व्हय रं?"

"हो. त्या पौषातल्या ग्रहणाचा. मी काढलेला."

तिने बोट लावून एकेक चंद्र बघायला सुरुवात केली. कुरतडलेला, अर्धा, तांबडा म्हणून फोटोत काळपट आलेला, मग पुन्हा चिरीचिरीने उजळणारा. बोट वर सरकत गेलं आणि फटीपाशी अडलं.

"हितं काय झालं? हितलं चांद कुटं गेलं?"

सवय वाईट. पाठ केलेलं तोंडातून निघून गेलं. "ढग आले होते."

आईने चष्मा सावरला. फटीवरचं बोट तिने काढलं नाही.

"ढग?" ती म्हणाली. "न्हाय रं. त्या रातीला ढगाचा ठिपका सुदीक नव्हता. म्या बघत व्हते की. समदा वेळ म्या चांदाकडंच बघत व्हते. तू फुडं ये म्हनस्तवर."